समासातली पेन्सिल

इस्पितळाच्या बाकावर माझ्या शेजारी दोघं भावंडं बसली होती. धाकट्या भावाच्या हातात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणलेलं चरित्र होतं, माणुसकीवर आयुष्यभर लिहिणाऱ्या एका डॉक्टरचं.

“ताई, मी फक्त तुला सोडायला आलोय. दादाच्या खाटेजवळ मी जाणार नाही.”

“जा म्हटलंय का मी? वाच तू.”

“आईला घराबाहेर काढलं त्यानं.”

“मला सांगतोस? माझ्याकडेच राहिली ना ती शेवटपर्यंत! बरं, इतका वेळ एकाच पानावर काय अडकलायस?”

“या डॉक्टरचा दवाखाना एकानं जाळला. पुढे तोच माणूस अंथरुणाला खिळला, तर डॉक्टर रोज त्याच्या घरी जाऊन मलमपट्टी करायचा.”

“अगं बाई!”

“ते राहू दे. आधीच्या मालकानं समासात पेन्सिलीनं काय लिहिलंय बघ. ‘थापा! मी त्याचं तोंडही पाहिलं नसतं.’ इतकं दाबून लिहिलंय, की कागद फाटलाय.”

“तुझाच कुणी भाऊबंद दिसतोय.”

“हसू नकोस. आता शेवटचं पान बघ. अक्षर तेच, पण या वेळी हलक्या हातानं लिहिलेलं.”

“चष्मा नाही आणलेला. तूच वाच.”

“‘आज त्याला माझ्या हातांनी आंघोळ घातली.’”

“कुणाला रे?”

“नाव नाही लिहिलं.”

तेवढ्यात नर्स दारात आली. “सात नंबरच्या पेशंटला उठवून बसवायचंय. सोबत कुणी पुरुषमाणूस आहे का?”

“आहे, सिस्टर. ताई, पुस्तक धर जरा.”

“तुम्ही कोण त्यांचे?”

“धाकटा भाऊ.”