अमोलदादाची मीटिंग

आमच्या सांगलीच्या मोबाईल कंपनीतला अमोलदादा आठवतो ना? त्याला कामावरून काढलं आणि त्याचा ऑफिसचा फोन माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी तो वाजला आणि मी दचकलेच.

“मी अमोलचा बाप बोलतुय. त्याला दे की जरा.”

नोकरी गेल्याचं त्यानं घरी सांगितलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. घाबरून मी म्हटलं, “काका, अमोलदादा मीटिंगमध्ये आहेत.”



“व्हय? सकाळी तासगावात बेदाण्याची खोकी उचलताना बघितला त्याला. लाजंल म्हणून हाक न्हाई मारली.”

“काका, माझं चुकलं,” मी म्हटलं.

“ऱ्हाऊ दे, पोरी. उशीर झाला तरी जेवायला घरीच ये म्हणावं. त्याच्या आईला मीबी मीटिंगच सांगतो.”