पाच आकड्यांचा पत्ता

हॅलो? अंबरीशदादा? आधी उत्तर दे, मग हाय-बाय... तू कधी खऱ्या रणगाडीवर बसलायस का?

...बरं, रणगाड्यावर! आईसारखं करू नकोस ना. डेअर आहे हे. झैनब आणि वरदा इथेच आहेत, माझ्या बेडवर, आणि तू स्पीकरवर आहेस. हो की नाही?

...उद्या कळेल म्हणजे काय? दादा, जोक आहे ना हा?

थांब... गर्ल्स, दोन मिनिटं खाली जा ना. प्लीज... हां, स्पीकर बंद केला. बोल.

नोकरी? अरे पण तू रशियात डॉक्टर व्हायला गेलायस ना?... कधी?... जानेवारीत नाव काढून टाकलं कॉलेजने, आणि नागपूरला तुझ्या घरी माहीतच नाही? मामाला रोज फोनवर अ‍ॅनॅटॉमीच्या गोष्टी सांगतोस त्या मग कुठल्या?

नाही रे, नाही सांगणार मामाला. हो, हो... आईशप्पथ. घेतली ना शप्पथ! आता सांग, कसली नोकरी?

किचनमध्ये हेल्पर... कुठे, ते उद्या पोचल्यावर कळणार... एक वर्ष... मग तिकडचा पासपोर्ट. हं. एजंट ओळखीचा आहे. मग चांगलं आहे की!

कोण, मी? माझा हिस्टरीचा प्रोजेक्ट? अरे, भारी झालाय! मिस म्हणाली, एवढं तर इथली ए-लेव्हलची, म्हणजे अकरावी-बारावीची मुलंपण करत नाहीत. तुझ्या कॉलेजच्याच गावातली रेजिमेंट घेतलीये ना मी. ऐक... एक्केचाळीसच्या थंडीत मॉस्कोबाहेर उभी केली. पुढच्या उन्हाळ्यात जवळजवळ सगळी मेली. परत भरली. बर्लिनपर्यंत गेली. मग कितीतरी वर्षं जर्मनीत, सोव्हिएत युनियन संपल्यावर तुझ्याकडे. चेचन्यात अर्धी रिकामी, परत भरली. आता युक्रेन. आणि माझं पहिलंच वाक्य काय आहे माहितीये? ‘नंबर तोच राहतो, माणसं बदलतात.’ मस्त ना?

...दादा? कसले कागद वाजतायत?

कसला नंबर?... कॉन्ट्रॅक्टवर? वेअरहाऊसचा असेल. नाहीतर पोस्टाचा. वाच ना, मला येतात थोडी रशियन अक्षरं. ‘वे’... तिरकी रेघ... ‘चे’?

परत वाच.

दादा, ते वेअरहाऊस नाहीये. वे-चे म्हणजे सैन्याची तुकडी. तुकडीचं नाव पत्त्यावर लिहीतच नाहीत तिकडे, नुसते पाच आकडे. सोव्हिएत काळापासून. त्या रेजिमेंटच्या मुलांनी घरी लिहिलेली जुनी पत्रं आहेत माझ्याकडे, म्हणजे फोटो... सगळ्यांवर तेच पाच आकडे... तू पहिले दोन आकडे सांग. फक्त दोन.

...थांब. पुढचे मी सांगते. तीन, एक, सात.

बरोबर?... तिन्ही बरोबर?

किचन-बिचन राहू दे, माझं ऐक... अरे, ऐक ना! बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वयंपाकी, शिंपी, बँड वाजवणारे, सगळ्यांच्या हातात बंदुका दिल्या. नावांची यादी आहे. काल मी ती हसत हसत वाचून दाखवत होते झैनबला... शिंप्याने बंदूक कशी धरली असेल म्हणून...

सह्या केल्यास? दोन्ही कागदांवर?... एकावर. दुसरी बसमध्ये. बस कधी आहे?

...आत्ता?

करू नकोस दुसरी सही. पोटात दुखतंय म्हण, उलटी कर, काहीही कर. पासपोर्ट घे आणि नीघ तिथून... कुणाकडे?... अरे, का दिलास त्यांना!

नाही, रडत नाहीये मी. कोण ओरडतंय मागे?... कसली पिशवी? सगळ्यांचे फोन? नको देऊस! बसवर काय लिहिलंय ते बघ, कुठे नेतायत ते विचार... हो, आहे लक्षात शप्पथ. आहे रे लक्षात! पण दादा...

हॅलो?

हॅलो?... दादा?

...ही रशियन बाई काय बोलतेय. टेप आहे. परत लावते... परत तीच बाई.

आई! बाबा! बाबा, त्या वेम्बलीच्या बाजारातून आणलेल्या पिशव्या तिथेच ठेवा. टीव्ही बंद करा कुणीतरी. नाही, भांडण नाही झालं, झैनब, तू थांब. आई, गॅस बंद कर ना आधी!

मी अंबरीशदादाला शब्द दिलाय, मामाला काही सांगणार नाही. तुझी शप्पथ घेतलीये, आई. ती मी मोडतेय. सॉरी. त्याला सैन्याच्या बसमध्ये बसवलंय आणि त्याला वाटत होतं, किचनमध्ये काम आहे. सगळं सांगते, पण आधी मामाला फोन लाव. मेसेज नको. फोन. मीच बोलणार. बाबा, तुम्ही तिकडच्या इंडियन एम्बसीचा नंबर शोधा. ते विचारतील, मुलगा कुठे आहे. गाव नका सांगू, गावात नसेल तो आता. पाच आकडे सांगायचे.

लिहून घ्या. मला पाठ आहेत.