विंचरलेल्या केसांचा गणिती

...आणि वर मलाच म्हणतो, "आप्पा, केस कशाला विंचरलासा? लोकांना कळाय नको व्हय, गणितवाला हाय म्हणून?" आता सांगा! टकलातून वाचलेले चार केस, तेही विस्कटायचे? हा भरतेश. कुपवाडला याचं लेथचं वर्कशॉप, आणि संध्याकाळी कामगारांना गोळा करून नाटकं बसवतो. यंदा स्पर्धेला गणितज्ञाचं नाटक काढलं आणि मुख्य भूमिका मला! का? तर मी रिटायर झालेला क्लार्क, रिकामा आणि चष्मेवाला. बस्स.

तुम्हाला सांगतो, गणिती म्हटला की वेडाच! अहो, कथा-कादंबऱ्या जन्मभर वाचल्या मी, ऑफिसात फायलीआड धरून वाचल्या, पण एखादा गणितज्ञ वेळेवर जेवलाय, दूधवाल्याशी दोन शब्द बरे बोललाय... छे! तो चहात मीठ घालणार, एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल, आणि दचकून उठून भिंतीवर आकडे लिहिणार. भाड्याच्या घरात लिहून दाखवा म्हणावं, घरमालक काय म्हणतो बघू!

माझी पंचाईत अशी, की माझी मुलगी चंदना कॉलेजात गणितच शिकवते. परवा शेजारच्या रेश्मावहिनी आमच्या हिला हळूच विचारतात, "आवं, ताई झोपती न्हवं नीट?" झोपते हो! घोरते! तर मी नाटकात आहे म्हटल्यावर पोरगी एवढंच म्हणाली, "आप्पा, एकदा तरी स्टेजवर शहाणा दाखवा की. मी बघायला येणार." मुलीनं बापाकडं मागून मागून मागितलं काय, तर एक शहाणा माणूस! नाही कसं म्हणू?

पण भरतेश ऐकेल तर! "आप्पा, शहाणा माणूस बघाय तिकीट कोण काढतंय?" तालीम म्हणजे रोज भांडण. शेवटी म्हटलं, मीठ नाही, भिंत नाही, नाहीतर दुसरा चष्मेवाला शोध! कबूल झाला बिचारा.

प्रयोग म्हसवडला. चंदना पहिल्या रांगेत. मी तेल लावून केस चापून बसवलेले, इस्त्रीचा शर्ट, चपला एकाच जोडातल्या. फळ्यापाशी गेलो आणि शांतपणे सांगू लागलो, की मूळ संख्या कधी संपत नाहीत. समजा, संपल्या. मग सगळ्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा... आणि लोक ऐकत होते हो! एक फेटेवाले आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "धुळा, लय बरं हाय गड्या त्यांचं, आपली मेंढरं संपत्यात." म्हटलं, जिंकलो! खडू ठेवला आणि भारदस्त आवाजात म्हणालो, "म्हणजेच... सिद्ध..."

"नाथाच्या नावानं चांगभलं!"

अहो, अख्खा मंडप! सिद्धनाथाच्या गावात 'सिद्ध' म्हणून थांबतं का कुणी? पण लेखकानं तिथं तीन टिंबं दिलेली, मी थांबलो! कुणीतरी गुलाल उधळला, तो थेट माझ्या चष्म्यावर. मी हात जोडून उभा. देवाच्या नावाला पाठ कशी फिरवणार? आणि राहिलेलं 'झालं' गलका थांबल्यावर एकट्यानंच म्हणालो. "...झालं."

आणि निकाल काय? अभिनयाचं बक्षीस मला! परीक्षक माईकवर म्हणतात, "धनपाल आप्पांनी कसलाही आव न आणता वेडा हुबेहूब उभा केला! ते चापून बसवलेले केस, ती कडक इस्त्री, ते शांत बोलणं... अंगावर काटा आला!" शेजारी भरतेश टाळ्या वाजवतोय, "म्या सांगितलं न्हवतं?" तुम्हाला सांगतो, गणिती म्हटला की वेडाच! केस विस्कटले तरी वेडा, विंचरले तर जास्तच वेडा!

मी भीत भीत चंदनाकडं बघितलं. पोरगी हसून हसून डोळे पुसत होती. म्हणाली, "आप्पा, मला तर शहाणेच वाटलात."

अख्ख्या मंडपात मला शहाणा म्हणणारं एकच माणूस निघालं, आणि तीही गणिताची बाई... तिचं कोण खरं धरणार?