मंगलच्या भोपळ्याचा वेल

कराडच्या स्टँडवर प्रियदर्शनी पाटणच्या गाडीची वाट बघत बसली होती. डोळे मोबाईलमध्ये होते, पण कान मात्र शेजारच्या सासू-सुनांकडे लागले होते.

“आत्ती, भोपळ्याचा येल आज उपटायलाच सांगितलाय म्या ह्यास्नी.”

“आगं मंगल, लेकीच्या डोहाळजेवणाला घारगं मग कशाचं करशील?”

“बोराएवढा भोपळा धरतोय आन् पिवळा पडून गळतोय. नजर लागली कुणाची तरी. म्या तर लय निगा राखती. लांब देठाची वांझ फुलं उजाडताच खुडती, येलाचं बळ वाया जाऊ ने म्हणून.”

“समदी?”

“एक ठिवत न्हाई!”

प्रियदर्शनीला राहवेना.

“मावशी, ती वांझ नाहीत, नर फुलं आहेत! बुडाशी बोराएवढा भोपळा असतो ते मादी फूल. मधमाशीनं नराचा पराग तिथं नेला, तरच भोपळा वाढतो.”

“आगं बया! येवढीशी पोर आन् नर-मादी बोलतीया!”

“आजी, पुस्तकातच आहे. वर्गात मीपण लाजले होते, मग सगळं पाठच केलं!”

“मग आता काय करू गं?”

“फुलं खुडू नका. घाई असेल तर सकाळी एक नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा.”

मंगलनं फोन लावला.

“आवं, येलाला हात लावू नगा! खुरपं खाली ठिवा आदी! न्हाई, डोस्कं फिरलं न्हाई माझं!”

तेवढ्यात पाटणची गाडी लागली. प्रियदर्शनी उठली, तशी आजीनं तिचा हात धरला.

“बस खाली. मागनं दुसरी यील. माझी पपई नुसतीच फुलतीया, तिचं काय ते सांग.”