उद्घाटनाआधीच आलेले पट्टे

नंदुरबारच्या स्टँडवर धानोऱ्याची गाडी लागायची होती. माझ्या शेजारच्या बाकावर कॉलेजचे प्राचार्य आणि रसायनशास्त्राच्या चेतना मॅडम बसले होते. मॅडमच्या मांडीवर काचेची बशी होती.

“मॅडम, प्रदर्शनाच्या उद्घाटनाला साहेब उद्या येणार. यात पट्टे आजच कसे आले?”

“सर, समुद्रशेवाळाच्या जेलीत एक क्षार मिसळून ती पसरली, कडेने दुसऱ्या क्षाराचं पाणी ओतलं. ते आत झिरपत जातं. एक थर बसतो, थोडी जागा सुटते, पुढे पुन्हा थर. आपोआप.”

“आपोआप म्हणजे कोणाच्या हस्ते?”

“कोणाच्याच नाही.”

“असं साहेबांना सांगणार तुम्ही? थांबवा ते.”

“ते थांबत नाही, सर.”

“मग धुऊन टाका. उद्या साहेबांच्याच हाताने ओतू.”

“पट्टे यायला रात्र जाते. साहेब चहापुरते थांबणार.”

“आते काय करानं?”

“तुम्हीच सांगा, सर.”

“वर फडकं टाका. साहेब फडकं काढतील, आपण टाळ्या वाजवू.”

“पट्टे आधीच आले होते, असं कोणी म्हणालं तर?”

“मॅडम, परवा साहेबांनी ज्या पुलाची फीत कापली, त्याच्यावरून आपली ही गाडी गेलं वर्षभर जातेय. तुम्ही काही म्हणालात?”