डबा बाहेर ठेवा

माझं माहेर कोगनोळी. बाप जाडंभरडं लुगडं विणायचा, म्हणून मला मागाच्याच घरात दिली, हितं वडगावात. हितं लुगडी रेशीमकाठी, घरोघरी माग, सकाळपास्नं सगळ्या गल्लीत खटाखट. मालक मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचे, मी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायची. दोघांचे हात चालले तर चूल पेटायची, न्हायतर न्हाय.

आमचा शिवा तवा पाळण्यातला. थंडीचे दिवस, सर्दी झाली, आन काय सांगू तुम्हाला, बघता बघता पोराला डबा झाला. डबा म्हणजे ल्हान लेकरांचा आजार, छाती कफानं भरती, श्वासाला पोट नुसतं खालीवर, दूध सुदीक ओढवत न्हाय. सासूबाई म्हणाल्या पोटावर डाग देऊया, मालक म्हणाले माझ्या पोराला तापली सळई लावायची न्हाय, आन टांगा करून आम्ही थेट मोठ्या दवाखान्यात.

डाक्टरीणबाई मद्रासकडच्या, मराठी मोडकीतोडकी, पण माणूस लई मायाळू. म्हणाल्या काय झालं. मालक म्हणाले डबा हाय बाई, डबा. आता ह्यांच्या काखेत भाकरीचा पितळी डबा हुता. बाईंनी त्याच्याकडं बघितलं आन म्हणाल्या, डबा बाहेर ठेवा. झालं! ह्यांना वाटलं बाईंनी आजारालाच हुकूम सोडला. पोराला आत घेतलं, मला जवळ बसवलं, आन हे कापडं आणायला वडगावात गेले ते गल्लीभर सांगत, डबा बाहेर, डबा बाहेर! सगळ्यांनी गूळ खाल्ला.

मग शेजारची गंगाआक्का म्हणाली, व्हय रं, मग पोर कुठाय. तवा ह्यांचं तोंड उतरलं. पोर तिथंच, कवा सोडतील ठाव न्हाय. औषधाला पैसे, दुधाला पैसे, टांग्याला पैसे, माझी कानातली फुलं त्याच दिवशी खडेबाजारात सराफाकडं गेली. आन मागावर अर्धं लुगडं, कुणाच्या तरी लग्नाचं. सूत पेठेतल्या सावकाराचं, वेळेत लुगडं न्हाय गेलं तर पुढचं सूत दुसऱ्याच्या घरी. ह्यांनी पोरापाशी बसावं तर माग जातोय, मागावर बसावं तर पोरासाठी धावणार कोण.

गंगाआक्का ह्यांना म्हणाली जा तू दवाखान्यात, माग आम्ही बघतो. आन बघितला की हो! तिचा नवरा सकाळी, समोरचे आप्पा दुपारी, कोपऱ्यावरचे अण्णा दिवेलागणीला, ज्याचं त्याचं काम उरकायचं आन आमच्या खड्ड्यात उतरायचं. कांड्या आक्काच्या. तिकडं शिवा नुसता निपचित, मी त्याच्या बरगड्यांकडं बघत बसलेली. आन एका सकाळी माझा पदर धरून त्यानं असं भोकाड पसरलं की बाई धावत आल्या. छाती मोकळी झाल्याबिगर असं ओरडता येतंय व्हय? बाई हसत्यात, मी रडतीय का हसतीय मलाच कळंना. वाचलं माझं पोर.

घरी आलो तर लुगडं तयार. मालक घेऊन गेले पेठेत. सावकारानं हात फिरवला, म्हणाला हितं घट्ट, हितं सैल, हितं तर आणखीन निराळंच, किती जणांनी विणलंय रं. ह्यांनी सगळं सांगितलं, डब्याचं पण. सावकार पोट धरून हसला. हसला खरा, पण मजुरी कापलीच, व्यापारी तो! पुढचं सूत मात्र दिलं. आम्हाला तेवढंच पाहिजे हुतं.

आता शिवाला मिसरूड फुटलंय. परवा गल्लीतलं एक लेकरू असंच धापा टाकत दवाखान्यात नेलं, तर ह्यो कुणी न सांगता त्यांच्या मागावर जाऊन बसला. हात अजून कच्चा त्याचा, काठापाशी सूत सैल पडतंय, मी दारातनं बघितलं. जिभंवर आलं हुतं, नीट ठोक म्हणून. गिळलं. म्हटलं विण रं बाबा, सैल तर सैल, त्यांचं पोर आधी घरी येऊ दे.