हौदाचं उत्तर

ग्रंथालयात जुन्या हस्तलिखित वह्या जमा करून घेत होते. झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन ती रांगेत उभी होती. पुढे एक आजी आणि त्यांची नात.

"आजी, पणजोबांनी आकड्यांनासुद्धा वेलबुट्टी काढलीय गं!"

"शाळेतली वही ती त्यांची. ते हौदाचं गणित वाच."

"एक नळ तीन तासांत हौद भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर? उत्तर, साडेचार तास."

"नऊ वर्षांची होते, माझे दोनच यायचे. बाबा ही वही नाचवत म्हणाले, हिच्या डोक्यात नुसता भुसा! तेव्हापासून गणिताला हात लावला नाही."

"अगं, पण पहिला एकटाच तीन तासांत भरतो ना? दुसऱ्याने मदत केल्यावर उशीर कसा होईल?"

"म्हणजे?"

"दोनच बरोबर! पणजोबा चुकले!"

"हळू! मागच्या ताईंचं बाळ उठेल. आता कानात परत म्हण."

"पणजोबा चुकले."

"अजून एकदा."

टेबलामागून ग्रंथपाल म्हणाले, "आजी, वही द्या. आत काही खोडू नका हं."

"खोडते कशाला! तुमच्या नोंदीत लिहा, हौदाचं खरं उत्तर दोन तास."

"कोणी काढलं?"

"मी."

"वय?"

"नऊ."